चोपड्यावरचा वार आणि खिशातला दाम

दिवाळीच्या संध्याकाळी वाशीमच्या बाजारपेठेतील जुन्या पेढ्यांवर आजही चोपडापूजन होते. हिशेब केव्हाच संगणकात गेला, आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊ लागले, तरी लाल कापडी बांधणीची निदान एक वही आणलीच जाते. पहिल्या पानावर स्वस्तिक रेखले जाते, त्याखाली ‘श्री’चा मनोरा रचला जातो. गौतमस्वामींची लब्धी, अभयकुमाराची बुद्धी आणि धन्ना-शालिभद्राची ऋद्धी मागून झाली की मिती लिहायची असते : वीर निर्वाण संवत, महिना, पक्ष, तिथी आणि शेवटी वार. हे सारे करावयाचे ते ‘लाभ’ किंवा ‘अमृत’ चौघडियात. घरातील वडीलधारे त्यासाठी पंचांग उघडतात आणि नातवंडे तोच तक्ता मोबाइलवर शोधतात.

त्या एका पानावर धर्म, कुळाचार आणि व्यापार एकत्र नांदतात. परंतु त्यातील दोन गोष्टी फार लांबून चालत आलेल्या आहेत. एक म्हणजे तो वार आणि दुसरा, ज्याच्यासाठी वही मांडली जाते तो दाम. दोहोंचा माग काढीत गेले तर वाट भडोचच्या बंदरावरून भूमध्य समुद्राच्या काठी, ग्रीक भाषा बोलणाऱ्या जगात जाऊन पोहोचते. प्राचीन ग्रीसचे आधुनिक जीवनावरील ऋण सांगताना लोकशाही, ऑलिंपिक, नाट्यगृहे आणि संगमरवरी खांब यांची नावे घेतली जातात. वाशीमच्या व्यापाऱ्याकडे हे ऋण संगमरवरातून आले नाही. ते त्याच्या वहीत आले आणि इतके मुरले की खाते कोणाच्या नावे आहे हेच विस्मरणात गेले.

आधी दाम. ग्रीक भाषेत ‘द्राख्मे’ हे चांदीच्या नाण्याचे नाव होते आणि त्याचा मूळ अर्थ ‘मूठभर’. नाणी पाडली जाऊ लागण्यापूर्वी लोखंडी सळया देवघेवीत चालत असत, आणि सहा सळया म्हणजे एक मूठ, म्हणून एक द्राख्मे. अलेक्झांडरच्या नंतर वायव्य भारतात राज्य केलेल्या ग्रीक राजांनी हे नाणे येथे रुजविले. संस्कृतात त्याचे ‘द्रम्म’ झाले, प्राकृतातून उतरत ‘दाम’ झाले. अरबांचा ‘दिरहम’ही त्याच घरातला. ‘दाम करी काम’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या जिभेवर, त्याला ठाऊक नसताना, एक ग्रीक शब्द खेळत असतो.

हे नुसते शब्दांचे साम्य नाही. त्याला साक्षीदार आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून येणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचे टिपण लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. ग्रंथ कसला, मालाची आणि भावाची वहीच ती. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची, ग्रीक अक्षरे असलेली जुनी द्राख्मे आपल्या काळातही चालत असल्याची नोंद त्याने केली आहे. ते राजे तोवर इतिहासजमा झालेले होते; नाणे मात्र चालू होते. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असेही तो सांगतो. पैठणचा अकीक आणि तेरचे कापड बिकट वाटांनी गाड्यांवरून भडोचला जाई. बाहेरून येणाऱ्या सोन्याचांदीच्या नाण्यांची स्थानिक नाण्यांशी अदलाबदल केली असता काही नफा सुटतो, ही त्याची टीप वाचून कोणत्याही सराफाला तो आपल्याच पेढीवरचा वाटेल. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडन याची लहानशी कांस्यमूर्ती मिळाली, ती याच व्यापाराची खूण.

भडोचच्या राजाविषयी जैन परंपरेत एक कथा आहे. आवश्यकसूत्रावरील जुन्या टीकासाहित्यात ती येते. भडोचचा नहवाहन राजा खजिन्याने संपन्न होता, तर पैठणचा सातवाहन राजा सैन्याने. सातवाहनाने भडोचला वेढा घातला. नहवाहनाने शत्रूचे शिर आणणाऱ्यास बक्षिसे देण्यास सुरुवात केली आणि पैशाच्या जोरावर नगर राखले. वेढा वर्षानुवर्षे निष्फळ ठरू लागला, तेव्हा सातवाहनाचा मंत्री रुसून आल्याचे सोंग करून नहवाहनाकडे गेला आणि त्याचा विश्वासू झाला. त्याने राजाला दानधर्माची गोडी लावली. देवालये, तलाव, दाने यांत खजिना रिता झाला. मग सातवाहन पुन्हा चालून आला. बक्षिसाला द्यायला दाम उरला नव्हता आणि नगर पडले.

इतिहासाचे अभ्यासक नहवाहन म्हणजेच क्षत्रप नहपान मानतात. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे त्याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील सुमारे नऊ हजार नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारून घेतलेला होता. पराभूताचे चलन वितळविण्याऐवजी त्यावरच आपला शिक्का उमटवून त्याने ते चालू ठेवले. कथेतला मंत्री खरा की कल्पित, हे नाण्यांवरून ठरत नाही; पण कोणाचा खजिना कोणाच्या हाती गेला, हे मात्र ती नाणी ठसठशीत सांगतात. त्या नाण्यांवर एका बाजूस राजाचे मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत. लिपी ग्रीक असली तरी शब्द प्राकृत आहेत. मराठी मुलुखातल्या चांदीवर यवनांची अक्षरे अशी उमटलेली होती.

याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेण्यातील त्याचा लेख प्रत्येक व्यापाऱ्याने एकदा तरी वाचावा असा आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने ठेवले, आणि दुसऱ्या एका श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने. म्हणजे वार्षिक १२ टक्के आणि ९ टक्के. मुद्दल कधीच परत घ्यायचे नाही, केवळ व्याज खर्चायचे. नोंद नगरसभेच्या दप्तरी. आजच्या विश्वस्त संस्थांच्या कायम ठेवीत आणि या अक्षयनीवीत फरक शोधावा लागेल.

पुढे द्रम्माची घोडदौड मोठी आहे, पण थोडक्यात सांगता येते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, ११५० साली, आरंभीच कोष्टक येते : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. खानदेशातील पाटणच्या मठात जे ग्रंथ शिकविण्याची सोय झाली त्यांत हेच गणित होते. १३१८ साली दिल्लीच्या टाकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू या श्रीमाळ जैन गृहस्थाने ‘द्रव्यपरीक्षा’ हा प्राकृत ग्रंथ लिहिला. दोनशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांचे वजन, कस आणि मोल त्याने नोंदविले असून त्यांत जागोजागच्या द्रम्मांचाही समावेश आहे. मध्ययुगीन भारतीय नाण्यांवर एवढा नेमका दुसरा ग्रंथ दाखविणे कठीण. अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांनी कोलकात्याच्या एका जैन ग्रंथभांडारातून त्याचे हस्तलिखित उजेडात आणले नसते तर फेरूचे नावही आज कोणी घेतले नसते. वाशीम जिल्ह्यातील कारंजाच्या भांडारांनी जसे अपभ्रंश वाङ्मय राखले, तसेच हे. आणि तरीही दिवाळीच्या साफसफाईत आजोबा-पणजोबांच्या वह्यांचे गठ्ठे किलोच्या भावाने रद्दीत जातात. मोडी अक्षर वाचता येत नाही, एवढाच त्यांचा अपराध असतो.

अकबराच्या काळी दाम तांब्याचा झाला. चाळीस दामांचा एक रुपया आणि दामाचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांमध्ये ‘बासिम’ हे नाव आहे, ते आपले वाशीम. तेथील महसुलाचे आकडे दामातच मांडलेले आहेत. चांदीपासून निघालेला शब्द तांब्यावर आला आणि शेवटी ‘एक छदामही मिळणार नाही’ इतका उतरला. पैशांच्या नावांचा भाव काळाबरोबर चढल्याचे उदाहरण क्वचितच सापडते.

एका शब्दात मात्र दाम अजूनही वजन राखून आहे : दामदुप्पट. हिंदू धर्मशास्त्रातला हा जुना नियम, की सावकाराने एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये. ऋणको कितीही थकला तरी देणे दुपटीच्या पलीकडे फुगू द्यायचे नाही. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही तो मानला. ऋणकोच्या संरक्षणासाठी घातलेली ही मर्यादा होती. आज ‘दामदुप्पट’ म्हटले की लोकांना ठराविक वर्षांत पैसे दुप्पट करून देणारी योजना आठवते, आणि अशा योजनांच्या कार्यालयांना लागलेली कुलपेही आठवतात. ज्या शब्दाने सावकाराच्या लोभाला कुंपण घातले, तोच शब्द आता ठेवीदाराच्या लोभासाठी आमिष म्हणून टांगला जातो. व्यापारी घरांतील विधवा आणि निवृत्त मंडळींची जन्माची पुंजी या एका शब्दाच्या मोहाने बुडाल्याचे दाखले गावोगाव आहेत. शब्दाचा मूळ अर्थ माहीत असता तर काही घरे तरी वाचली असती, असे म्हणण्यास जागा आहे.

आता वार. येथे विषय अधिक नाजूक होतो, कारण वार म्हणजे पंचांग आणि पंचांग म्हणजे धर्म, असा सर्वसाधारण समज आहे. जैन घरांनी तरी हा समज तपासून पाहावा. ‘सूर्यप्रज्ञप्ती’ हे आगम पाहावे. तेथे नक्षत्रे आहेत, पाच वर्षांचे युग आहे, तीस मुहूर्तांची अहोरात्र आहे, मोठ्यात मोठा दिवस अठरा मुहूर्तांचा आणि लहानात लहान बारा मुहूर्तांचा हे गणितही आहे. मेष-वृषभादी राशी मात्र नाहीत आणि रविवार-सोमवार नाहीत. भगवान महावीरांचा जन्म चैत्र शुद्ध त्रयोदशीचा. कल्पसूत्र तिथी आणि नक्षत्र सांगते, वार सांगत नाही. दीक्षेच्या प्रसंगी दिवसाचे नाव ‘सुव्रत’ आणि मुहूर्ताचे नाव ‘विजय’ येते. ग्रहाचे नाव दिवसाला नाही. अष्टमी, चतुर्दशी, पर्युषण, निर्वाण अमावास्या सारे तिथीवर चालते. सामायिकाचा काळ दोन घटकांचा, म्हणजे एका मुहूर्ताचा, अठ्ठेचाळीस मिनिटांचा. साठ मिनिटांच्या तासाशी त्याचा संबंध नाही.

वाशीममध्येच १९३९ साली मिळालेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपटही हेच सांगतो. वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, ही त्याची राजधानी. दानपत्राचा दिवस राज्यवर्ष, ऋतू आणि पक्ष यांनी नोंदविला आहे. वाराचा उल्लेख नाही. वार सांगणारा भारतातला सर्वांत जुना निश्चित शिलालेख मध्य प्रदेशातील एरण येथला, बुधगुप्ताच्या काळचा, इसवी सन ४८४ चा. तो दिवस गुरुवार होता.

मग वार आला कोठून? याचा ताळा कोणीही बोटांवर घेऊ शकतो. ग्रीक ज्योतिषी ग्रहांना मंद गतीकडून शीघ्र गतीकडे अशा क्रमाने मांडीत : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस भागांना ते ‘होरा’ म्हणत आणि प्रत्येक होरेला या क्रमाने एक स्वामी देत. पहिल्या होरेचा स्वामी तोच त्या दिवसाचा स्वामी. शनीपासून मोजू लागले की चोविसावी होरा मंगळाची आणि पंचविसावी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, रवीची. म्हणून शनिवारानंतर रविवार. रवीपासून मोजले की सोमवार, चंद्रापासून मोजले की मंगळवार. सात दिवस मोजून पाहावे, एकही चुकत नाही. आता हेच आपल्या तीस मुहूर्तांनी मोजावे : शनिवारानंतर मंगळवार येईल. साठ घटकांनी मोजले तर शनिवारानंतर शुक्रवार! वारांचा आजचा क्रम चोवीस होरांवाचून जुळतच नाही. ‘होरा’ हा शब्द अहोरात्रातील पहिले आणि शेवटचे अक्षर गाळून झाला, अशी व्युत्पत्ती वराहमिहिराने नोंदविली आहे. ती मनोहर आहे, पण शब्द ग्रीकच आहे. मात्र येथे ग्रीक म्हणताना एकट्या अथेन्सचे श्रेय मानू नये. बॅबिलोनचे निरीक्षण, इजिप्तची दिवसविभागणी आणि ग्रीकांचे गणित अलेक्झांड्रियाच्या परिसरात एकत्र आले, त्याचे हे फळ.

चौघडियाचे रहस्यही यातच आहे. उद्वेग, चर, लाभ, अमृत, काळ, शुभ, रोग हा क्रम व्यापारी घरांत लहान मुलांनाही पाठ असतो. त्यांचे स्वामी अनुक्रमे रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ. तोच ग्रीक क्रम, रवीपासून सुरू केलेला. सुमारे चार घटकांचा काळ आपला, रांग यवनांची. गुरुपुष्याचेही तसेच : पुष्य नक्षत्र येथले, गुरुवार तेथला, आणि सोने वाशीमच्या सराफाकडचे. कर्जाचे कागद तयार असतात, बँकेचा माणूस वाट पाहत असतो, पण सही गुरुपुष्याला थांबते. थांबावे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मात्र ते थांबणे आगमाच्या आज्ञेने होत नाही, एवढे स्पष्ट असावे. मुलगा तपासणीच्या बुद्धीने प्रश्न विचारतो आणि वडील ‘धर्मात ढवळाढवळ नको’ म्हणून त्याला गप्प करतात, असे प्रसंग घरोघर घडतात. त्या वादात वडिलांची बाजू वाटते तितकी जुनी नाही आणि मुलाची वाटते तितकी परकी नाही.

ज्योतिषाबरोबर आणखीही शब्द आले. कंपासाच्या टोकाला ग्रीकात ‘केंत्रोन’ म्हणत, त्याचे ‘केंद्र’ झाले. वाशीमच्या खरेदी केंद्रावर सोयाबीनची पोती घेऊन रांगेत उभा असलेला शेतकरी दिवसातून दहा वेळा तो शब्द उच्चारतो. विवाहमुहूर्तातील ‘जामित्र’ म्हणजे ग्रीक ‘दियामेत्रोन’, व्यास. विहिरीच्या खडकाला लावतात तो ‘सुरुंग’ही ग्रीकच मानला जातो. वराहमिहिराने तूळ राशीचे एक नाव ‘जूक’ दिले आहे, ते ग्रीक ‘झ्युगोन’ वरून. तेथे जपून पावले टाकावीत, कारण बैलाच्या मानेवरचे आपले ‘जू’ हे उसने नाही. ते संस्कृत ‘युग’ या शब्दापासून आले आणि ग्रीक व संस्कृत या दोन्ही भाषा एकाच आजीच्या नाती आहेत. दिसते ते सारे साम्य कर्जखाती टाकणे हीसुद्धा चुकीची नोंदच.

वराहमिहिराने हे ऋण लपविले नाही. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात सुप्रतिष्ठित आहे, म्हणून ते ऋषींसारखे पूज्य, असे त्याने सहाव्या शतकात मोकळेपणाने लिहिले. ‘पंचसिद्धांतिके’त त्याने यवनपूर, म्हणजे अलेक्झांड्रिया, आणि उज्जयिनी यांच्या स्थानिक वेळांतील अंतर सात नाडी आणि वीस विनाडी दिले आहे, आजच्या हिशेबाने २ तास ५६ मिनिटे. खरे अंतर सुमारे ३ तास ४ मिनिटे. तारायंत्र नाही, घड्याळ नाही, आणि चूक आठ मिनिटांची.

उज्जयिनी हे या गणनेचे मूळ स्थान, कारण लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी मध्यरेषा तेथून जाते असे मानीत. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्याने ‘महाभास्करीया’त या रेषेवरील गावांची यादी दिली आहे आणि तिच्यात अवंतीच्या दक्षिणेस वत्सगुल्माचे नाव आहे. वाशीमचे मध्यमेश्वर मंदिर त्याच रेषेची आठवण म्हणून दाखविले जाते. आधुनिक मोजमापाने वाशीम उज्जैनच्या रेखांशापासून सुमारे १४० किलोमीटर पूर्वेस पडते. म्हणजे साडेपाच मिनिटांचा फरक. जुन्या गणितज्ञांना ही तफावत सहज माफ करता येईल.

पण देशांतराची हीच मिनिटे जैन घरात रोज मोजावी लागतात. मुंबईहून छापून येणाऱ्या सूर्यास्ताच्या तक्त्यावर वाशीमच्या घराने चौविहार पाळला तर हिशेब चुकतो, कारण वाशीम मुंबईच्या ४ अंशांहून अधिक पूर्वेस आहे आणि येथला सूर्य सुमारे सतरा मिनिटे आधी मावळतो. तक्त्याच्या शेवटच्या मिनिटाला पानावरून उठणाऱ्याने सूर्यास्तानंतर पाव तास जेवण केलेले असते. अशा तक्त्याच्या कडेला पेन्सिलीने ‘वजा १७’ लिहून ठेवलेले असले म्हणजे झाले.